शेंदराचे दोन टिळे

मित्रांनो, मी एक जुना वेल्डिंगचा टोप आहे. सानगडी गावातले लोक मला हेल्मेटच म्हणतात, पण मोटरसायकलवाल्यांचे हेल्मेट वेगळे आणि मी वेगळा. ते डोके वाचवते, मी डोळे वाचवतो. म्हणून मी आपला स्वतःला टोप म्हणवून घेतो. इथे कोणी ऐकत नाही, ती गोष्ट वेगळी.

माझा काळा रंग आता जागोजागी उडाला आहे. अंगावर ठिणग्यांचे बारीक डाग पडले आहेत. डोक्यामागचा पट्टा एकदा तुटला, तो सुतळीने बांधला आहे. पण चेहऱ्याच्या मधोमध बसवलेली माझी चौकोनी काच अजून शाबूत आहे, आणि माझा सगळा जीव त्या काचेत आहे.

वेल्डिंगच्या दुकानात हातात धरायची काळी काच तुम्ही पाहिली असेल. ती बिचारी जन्मापासूनच काळी. ठिणगी पडण्याआधी तिच्यातून काहीच दिसत नाही. कारागीर रॉड कुठे टेकवायचा हे चाचपडत राहतो आणि शेवटी वैतागून काच बाजूला ठेवून देतो. माझे तसे नाही. एरवी मी पलीकडचे सगळे दाखवतो, जरासे हिरवट दाखवतो एवढेच. आणि समोर ठिणगी पडली, की पापणी लवायच्या आत काळाकुट्ट होतो. ठिणगी विझली की पुन्हा मोकळा.

हे मला कसे जमते ते सांगतो. कंटाळू नका, कारण माझ्या आयुष्यात पुढे जो घोळ झाला तो यावाचून कळणार नाही.

माझी काच म्हणजे थरावर थर आहेत. बाहेरचा थर डोळ्यांना न दिसणारे घातक किरण अडवतो. तो कायम जागा असतो. त्याच्या आत दोन पातळ फिल्म आहेत. प्रकाश हा हलवलेल्या दोरीच्या लाटेसारखा येतो. कुंपणाच्या उभ्या फटीतून दोरी घाला आणि वरखाली हलवा, लाट पार जाईल. आडवी हलवा, अडून बसेल. माझी एक फिल्म उभ्या फटींची आणि दुसरी आडव्या फटींची. नुसत्या या दोघीच असत्या, तर पहिलीतून आलेला उजेड दुसरीपाशी अडला असता आणि मी कायमचा अंधारात राहिलो असतो. पण दोघींच्या मध्ये, केसाहून बारीक जागेत, द्रव स्फटिक भरलेले आहेत.

स्फटिक म्हणजे खडीसाखर. तिचे कण शिस्तीत बसलेले असतात. द्रव म्हणजे पाणी. त्याचे कण वाटेल तिकडे फिरतात. आमचे द्रव स्फटिक या दोघांच्या मधले. ते वाहतात, पण रांग सोडत नाहीत. फार वर्षांपूर्वी दूरदेशी कोणी गाजरातून काढलेला एक पदार्थ तापवून पाहत होता. तो पदार्थ आधी वितळून गढूळ झाला आणि आणखी तापवल्यावर नितळ. त्या गढूळपणात आमच्या कुळाचा पत्ता लागला. तुमच्या कॅल्क्युलेटरवरचे आकडे आणि घरातल्या मोठ्या टीव्हीचे चित्र हे सगळे माझे नातेवाईक.

माझ्या पोटातले स्फटिक गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे वळत गेलेले असतात. उजेड त्यांच्यासोबत वळतो आणि दुसऱ्या फिल्ममधून सुखरूप बाहेर पडतो. मात्र माझ्या आतल्या बारक्या सेलची वीज आली, की सगळे स्फटिक ताडकन सरळ उभे राहतात. जिना मोडतो, उजेड अडतो, अंधार होतो. ही वीज द्यायला काचेवर धातूचा लेप आहे, पण तो इतका पातळ की दिसतसुद्धा नाही. आणि वीज कधी द्यायची हे माझे दोन डोळे ठरवतात. काचेच्या वर डाळीएवढे दोन काळे ठिपके आहेत, तेच माझे डोळे. त्यांना ठिणगी दिसली तरच आत वीज खेळते. त्यांना दिसली नाही, तर माझे स्फटिक आपल्या जागी निवांत वळून बसतात आणि उजेडाला वाट मोकळी ठेवतात.

आता माझ्या माणसांविषयी सांगतो.

सानगडीच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुलाराम यांचे वेल्डिंगचे दुकान आहे. दुकानाच्या मागेच घर, मधे छोटे अंगण. तुलाराम यांनी सगळी उमर काचेवाचून, उघड्या डोळ्यांनी काम केले. ठिणगी पडायच्या क्षणी डोळे मिटायचे, मान वळवायची आणि आवाजावरून जोडाचा टाका मारायचा, ही त्यांची रीत. कितीही मान वळवली तरी डोळ्यांना झळ लागायचीच. मग संध्याकाळी डोळ्यांत रेती भरल्यासारखे व्हायचे. त्यांची बायको निर्मलाबाई आलूच्या गोल चकत्या कापून त्यांच्या डोळ्यांवर ठेवायची आणि रात्रभर बदलत राहायची. आताशा त्यांना दूरची माणसे ओळखू येत नव्हती.

त्यांची मुलगी डिंपल साकोलीच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकून आली. वर्गात ती एकटी मुलगी होती आणि हात तिचा असा सरळ, की जोड कुठे आहे ते शोधावे लागे. ती म्हणाली, मी बाबांच्याच दुकानात काम करणार. निर्मलाबाईने चुलीपुढून मानही वर केली नाही.

"एकाच्या डोळ्याइवर आलू ठेवता ठेवता माही उमर गेली," ती म्हणाली. "आता पोरीच्या बी ठेवू का?"

तुलाराम यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ते एसटीने भंडाऱ्याला गेले आणि मला घेऊन आले. अंगणात उभे राहून त्यांनी मला असे उंच धरले, जसे काही घरात नवे बाळच आले आहे.

"हे पाह्य, ठिणगी पडली का आपोआप काळं होते. पोरीच्या डोळ्याले काही होत नाही."

निर्मलाबाईने मला उलटसुलट पाहिले. मग डिंपलला म्हणाली, "याच्याबिगर एक टाका नाही माराचा. आन् एक दिवस जरी डोळ्याले लागलं, तं त्या दिवसापासून दुकान बंद. मंग रडाचं नाही."

अशी डिंपलची सगळी कारागिरी माझ्या भरवशावर टांगली गेली. मलाही मग जबाबदारी वाटू लागली. खोटे कशाला बोलू, थोडी ऐटही आली.

ती वर्षे माझी सुखाची होती. खिडक्यांच्या ग्रिल, ट्रॉलीचे हुक, शाळेचे फाटक, किती म्हणून कामे आम्ही केली! डिंपल मला डोक्यावर चढवायची, मागची चकती फिरवून घट्ट करायची आणि मान झटकून मला चेहऱ्यावर पाडायची. गिऱ्हाईक आधी तुलाराम यांना शोधायचे, मग मला पाहून विचारायचे, "हेल्मेटखाली कोण हाय गा?" आणि डिंपलने मला वर सारले की गप्प व्हायचे. तुलाराम यांना त्या वेळी फार हसू यायचे. काम झाले की डिंपल मला ओढणीच्या टोकाने पुसून खुंटीला अडकवायची. इतकी माया मला दुसऱ्या कोणी केली नाही.

पण मित्रांनो, मायेनेच माझा घात केला.

दसरा आला. तुलाराम यांनी दुकान धुऊन काढले. हातोडा, ग्राइंडर, भोक पाडायचा पोगर, वेल्डिंगचे मशीन, सगळे पाटावर मांडले. झेंडूची फुले वाहिली, उदबत्ती लावली. इतरांना कुंकवाचा एकेक टिळा लावला. मी त्यांचा लाडका. माझ्यासाठी त्यांनी तेलात जाड शेंदूर कालवला, मला अगदी डोळ्यांजवळ धरले आणि निरखून पाहिले.

"याले डोळे हायेत नं," ते हसून म्हणाले, "तं डोळ्याइची पूजा झाली पायजे. माह्या पोरीचे डोळे हाच सांभाळून राहिला."

असे म्हणून त्यांनी माझ्या दोन्ही डोळ्यांवर अंगठ्याने शेंदराचे दोन टिळे लावले. चांगले दाबून लावले. मला गहिवरून आले. तेवढ्यापुरते माझे जग लाल झाले आणि मग काळे झाले. डिंपलने पाहिले, तीही हसली. पूजेचा टिळा कोणी पुसत नाही. तो आपोआप जाईल तेव्हा जाईल.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि शेतकरी तेजराम यांचे मळणी यंत्र दुकानापुढे आले. खालचा सांगाडा तुटला होता. तेजराम घायकुतीला आले होते. "धान कापून वावराच्या बांधीत पडलं हाय, बाई," ते म्हणाले. "आज चुरलं नाही तं ढग पाहा कसे आले." डिंपलने मला घातले आणि यंत्राखाली शिरली. रॉड टेकला.

डिंपलच्या डोळ्यांपुढे भक्क उजेड झाला. मी काळा झालो नाही.

मी कसा होणार? मला ठिणगी दिसलीच नाही. माझे स्फटिक वळून बसले होते, त्यांना कोणी उठवले नाही. डिंपल दचकून मागे झाली. तिने डोळे चोळले, मला हलवले, थोपटले, पुन्हा रॉड टेकला. पुन्हा तेच. मी आतून ओरडत होतो, पण टोपाचा आवाज कोणाला ऐकू येतो?

तरीही तिने मला घालून ठेवले असते तर निभावले असते. डोळे दिपले असते, पण माझ्या बाहेरच्या थराने घातक किरण अडवलेच असते. ते तिला कसे माहीत असणार? तिला वाटले, टोप मेला. पुढे तेजराम उभे होते आणि आभाळ भरून येत होते. तिने मला कपाळावर सारले आणि बापासारखेच डोळे मिटून, मान वळवून सगळे काम केले. यंत्र उभे राहिले. तेजराम यांचे धान वाचले. आणि त्या रात्री निर्मलाबाईने आलूच्या चकत्या मुलीच्या डोळ्यांवर ठेवल्या.

डोळे बरे व्हायला फार दिवस लागले नाहीत. पण निर्मलाबाईचा शब्द म्हणजे शब्द. डिंपलचे वेल्डिंग बंद झाले. लोखंड कापून दे, घासून दे, रंग दे, पण रॉड धरायचा नाही. डिंपल रडली नाही. तसे ठरलेच होते. तिने मला एकदा हातात घेतले, कोपऱ्यात ठेवले आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले नाही. मला फार वाईट वाटले. दगाबाज ठरण्याइतके वाईट दुसरे काही नसते, तेही आपण दगा दिला नसताना.

थोड्या दिवसांनी निर्मलाबाईने मला उचलले. मला उलटे केले तर माझी चांगली खोलगट टोपली होते, हे तिच्या ध्यानात आले होते. घरात लसूण ठेवायला भांडे नव्हते. ती मला अंगणात घेऊन बसली आणि साबणाच्या फडक्याने घासू लागली. "स्वयंपाकघरात कायले शेंदूर," असे पुटपुटत तिने माझे दोन्ही डोळे स्वच्छ पुसून काढले. किती दिवसांनी मला उजेड दिसला! आणि नेमका त्याच वेळी पलीकडे दुकानात तुलाराम यांनी टाका मारला. ठिणगीचा लखलखाट अंगणात आला आणि मी निर्मलाबाईच्या हातात झर्रकन काळा झालो.

ती जागच्या जागी थांबली. दुकानातला उजेड विझला, मी मोकळा झालो. पुन्हा टाका पडला, मी पुन्हा काळा. तिने माझी काच दुकानाकडे धरली, मग भिंतीकडे वळवली, परत दुकानाकडे. तिला सगळे समजले, हे मला तिच्या हातांवरून कळले. तिने इकडेतिकडे पाहिले. कोणी नव्हते. मग तिने मला कोरडे केले, लसणाच्या गड्ड्या माझ्यात भरल्या आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगून दिले.

मित्रांनो, तेव्हा मला तिचा भयंकर राग आला. लसणाच्या वासात लोंबकळत मी रोज म्हणायचो, बाई, एक शब्द बोल. पण ती बोलली नाही. ती रोज माझ्यातून दोन पाकळ्या घ्यायची आणि माझ्या काचेकडे पाहणे टाळायची. पुढे पुढे मला तिचा राग येईनासा झाला. तिने एका माणसाचे डोळे थोडे थोडे जाताना पाहिले होते. मुलगी आगीपासून दूर बसली आहे, एवढेच तिला पुरेसे होते. त्यासाठी मुलगी गप्प झाली तरी तिला चालणार होते.

पण डिंपल दूर बसलीच नव्हती.

त्या दिवशी निर्मलाबाई चहा घेऊन दुकानात गेली. स्वयंपाकघराच्या दारातून अंगण आणि दुकान सरळ दिसते, म्हणून मीही ते पाहिले. गिऱ्हाईक केशवराव यांच्या घराच्या खिडकीची ग्रिल चालली होती. तुलाराम यांना जोडच दिसत नव्हता. ते रॉड धरून होते आणि डिंपलने त्यांचे मनगट धरले होते. तिचा चेहरा ठिणगीपासून हातभर. टाका पडला की दोघेही डोळे मिटायचे, दोघेही मान वळवायचे, बाप डावीकडे, लेक उजवीकडे.

"थोडा खाली, बाबा. हां. आता मारा."

निर्मलाबाई चहाचे कप तसेच घेऊन परत आली. कप ओट्यावर ठेवले. मला खिळ्यावरून ओढले आणि उपडे केले. लसूण सगळ्या घरभर पसरला. ती मला छातीशी धरून जवळजवळ पळतच दुकानात गेली.

"थांबवा ते," ती म्हणाली. आणि डिंपलसमोर मला धरून, "घाल."

"आई, ते बंद हाय नं."

"बंद नाही. म्या पाह्यलं हाय."

"कधी?"

निर्मलाबाईची नजर माझ्या काचेवर गेली. "लसूण भरला त्या दिवशी," ती म्हणाली. "धुवून पुसून राहिली होती. तुह्या बाबानं टाका मारला, आन् माह्या हातात काळं झालं."

"मंग सांगितलं काहून नाही?" डिंपल म्हणाली. "मले वाटलं, माह्याच हातानं बिघडलं."

"सांगितलं असतं तं तू पुन्हा या आगीपाशी बसली असती. तं बसली नाही का तू? तशीच बसून राहिली नं, उघड्या डोळ्याइनं!" आणि इतक्या दिवसांचे तिचे रडू तिथे फुटले. डिंपलने तिचा हात धरला. रागवावे की जवळ घ्यावे, हे तिलाही कळत नव्हते. शेवटी तिने जवळ घेतले.

तुलाराम रॉडचा होल्डर खाली ठेवून उभे होते. "धुतलं म्हंजे?" त्यांनी हळूच विचारले. "काय होतं त्याच्यावर?"

निर्मलाबाईने पदराने डोळे पुसले. "शेंदूर," ती म्हणाली. "याच्या डोळ्याइवर होता. त्याले दिसतच नव्हतं."

तुलाराम यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिले. "म्या तं पोरीचे डोळे सांभाळते म्हून..." ते मशीनवर बसून राहिले. मला त्या माणसाची इतकी दया आली, की माझी सगळी उपेक्षा मी तिथल्या तिथे विसरलो. निर्मलाबाई त्यांना एक शब्दही बोलली नाही. बोलायला तिच्यापाशी तोंड नव्हते आणि त्यांना टोचावे असे तिच्या मनातही नव्हते.

डिंपल मला घालू लागली, तर निर्मलाबाईने तिचा हात अडवला.

"पयले माह्या डोळ्याइवर पाहू. मंग तुह्या."

तिने मला स्वतःच्या डोक्यावर चढवले. पट्टा सैल होता, डिंपलने मागची चकती फिरवली. तुलाराम यांनी जुनी काळी हातकाच शोधून आणली, ती डोळ्यांपुढे धरली आणि ग्रिलच्या एका तुकड्यावर रॉड टेकला. डिंपलने तोंड फिरवून घेतले.

मी काळा झालो. माझे सगळे स्फटिक एका दमात उठून उभे राहिले. इतक्या मनापासून मी कधी अंधार केला नव्हता.

त्या अंधारात निर्मलाबाईने पहिल्यांदा वेल्डिंग पाहिले. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिला एकच गोष्ट सांगितली गेली होती, की तिकडे पाहू नको. तिने ते इमानाने पाळले होते. नवऱ्याचे सगळे काम तिच्या पाठीमागे झाले होते. आता तिच्यासमोर लोखंडाचा एवढासा थेंब पाण्यासारखा चकाकत हळूहळू पुढे सरकत होता, आणि त्याच्या मागे दोन तुकडे एक होत जात होते. तिचा श्वास माझ्या आतल्या बाजूला जमू लागला.

रॉड संपला. तुलाराम यांनी विचारले, "लागलं का डोळ्याले?"

तिने मला काढलेच नाही. डिंपल घाबरून जवळ आली. "आई? काढू का हेल्मेट?"

"थांब नं वं," आतून आवाज आला. "अजून एक मारू दे त्याइले. एवढी वर्सं झाली, म्या काही पाह्यलंच नाही."

तुलाराम यांनी दुसरा रॉड लावला. तो संपल्यावर निर्मलाबाईने मला काढले आणि आपल्या हाताने लेकीच्या डोक्यावर घातले.

मित्रांनो, मी अजून त्याच दुकानात आहे. माझ्यासारखी वस्तू तुमच्या घरी असेल, तर तिला मेच्या उन्हात टाकून ठेवू नका. फार तापले की आमचे स्फटिक रांग सोडतात. आमची काच राखेने घासू नका, आणि रोज आमचे डोळे मऊ फडक्याने पुसा, मग त्यावर धूळ असो की तुमचे प्रेम असो. रस्त्याने जाताना कुठे वेल्डिंग चाललेले दिसले, तर तिकडे मुळीच पाहू नका, सरळ तोंड फिरवा. पण एखाद्या कारागिराने आपला टोप काढून तुमच्या डोक्यावर घातला, तर काढायची घाई करू नका. तो किती वर्षे काय करत आला आहे, ते नीट पाहून घ्या.